टिकलीखालचा दिवा

तुमच्या गाडीचं पेट्रोल अचानक जास्त जाऊ लागलं, तर तुम्ही आधी कोणाकडे बघता? गाडीकडे, की ड्रायव्हरकडे?

घाईने उत्तर देऊ नका. तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. "गाडीकडेच की!" सगळे असंच म्हणतात. फैजपूरजवळच्या ज्या गावातली ही हकिकत आहे, तिथल्या गाडीमालकाला कोणी पाहुण्यांसमोर विचारलं असतं, तर तोही असंच म्हणाला असता. प्रत्यक्षात त्याने ड्रायव्हरकडे बघितलं. गाडी त्याला कित्येक महिने रोज सांगत होती की माझ्यात बिघाड आहे. तिच्या तोंडावर त्याने टिकली चिकटवली.

तो ड्रायव्हर म्हणजे माझा मामा.

या लेखात मी कोणाचंही नाव घेणार नाही. हा नियम माझ्या वडिलांचा. ते जळगावला डाळ मिलमध्ये कामाला होते आणि युनियनची पत्रकं वाटायचे. आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं नव्हती. गुलाबी, पिवळ्या कागदावरची, बोटांना शाई लावणारी पत्रकं होती, आणि मी त्यांच्यावरूनच वाचायला शिकले. 'कामगार बंधूंनो' हे मी स्वतः लावलेले पहिले दोन शब्द. वडील म्हणायचे, पत्रकात नाव घातलं की लोक नावावर भांडत बसतात. काम लिही, म्हणजे कामावर बोलतील. म्हणून मी फक्त कामं लिहिते. गाव त्या मालकाला 'आबा' म्हणायचं एवढं सांगते. मी म्हणणार नाही. आदराचा शब्द मी कोणाला नुसता वयावर देत नाही.

मालक केळीचा व्यापारी होता, आणि गावच्या सोसायटीचा चेअरमन. नव्वदीनंतर परदेशी बनावटीच्या ज्या लांबलचक गाड्या आपल्याकडे येऊ लागल्या, त्यातली एक पांढरी गाडी त्याने मुंबईहून आणली. गाडी हवी म्हणून आणली असं मला कधीच वाटलं नाही. तालुक्यात आणखी कोणाकडे नव्हती म्हणून आणली. माझा मामा पूर्वी केळीचे ट्रक घेऊन दिल्लीपर्यंत जायचा. पाठ दुखायला लागली तसा तो या मालकाकडे गाडीवर लागला.

गाडी गावात आली त्या दिवशीची गोष्ट मामाने मला नंतर सांगितली. हार घातले, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडलं. मग मिरवणूक पेट्रोल पंपावर गेली आणि तिथे घोटाळा झाला. पंपाची नळी गाडीच्या टाकीत जाईना. तोंड बारीक होतं आणि आत एक पत्र्याची झडप होती.

आता हे कुणी मुद्दाम छळायला केलेलं नव्हतं. त्या गाडीला शिसं नसलेलं पेट्रोल लागायचं, ते तेव्हा फक्त मोठ्या शहरांत मिळायचं. आमच्याकडच्या पेट्रोलमध्ये शिसं होतं. चुकूनही ते या टाकीत जाऊ नये म्हणून तोंड बारीक ठेवलेलं. झाकणाच्या आतल्या बाजूला तसं छापलेलंही होतं. मामाने मुंबईतच विचारून घेतलं होतं आणि मालकाला रस्त्यात सांगितलंही होतं.

"पेट्रोल ते पेट्रोल," मालक म्हणाला. "आता काय मुंबईहून टँकर मागवू?"

लोक हसले. कोणीतरी पळत जाऊन कुठूनतरी एक लोखंडी नळी आणली. ती टाकीच्या तोंडात घालून वरून दगडाने ठोकली. झडप तुटली, तोंड फाकलं, पेट्रोल भरलं गेलं. पंपावर पेढे वाटले. बिघाडाच्या मुहूर्तावर पेढे वाटणारं माझ्या माहितीतलं हे एकमेव गाव.

पुढे काय होणार ते ठरलेलंच होतं. इंजिनातून धूर बाहेर जातो त्या पाइपात अंगठ्याएवढा एक भाग बसवलेला असतो. त्याला ऑक्सिजन सेन्सर म्हणतात. तो गाडीचं नाक. जळून गेलेल्या धुरात हवेतला ऑक्सिजन किती उरला हे तो हुंगतो आणि गाडीतल्या कॉम्प्युटरला कळवतो. ऑक्सिजन जास्त उरला असेल तर पेट्रोल कमी पडलं. कॉम्प्युटर थोडं वाढवतो. काहीच उरला नसेल तर पेट्रोल जास्त झालं. तो कमी करतो. गाडी चालू असेपर्यंत ही वाढव-कमीकर चालूच असते. शिशाचं पेट्रोल जाळलं की शिशाचा थर त्या नाकावर बसतो. नाक बधिर होतं आणि एकच निरोप देत राहतं: हवा जास्त, पेट्रोल कमी. कॉम्प्युटर बिचारा पेट्रोल ओतत राहतो. आणि आपल्याला काही पटत नाहीये हे सांगायला डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लावतो, इंजिनाच्या आकाराचा.

हा दिवा लागला तेव्हा मामाने मालकाला दाखवला. मालकाला पाहुण्यांना घेऊन लग्नाला जायचं होतं. नव्या गाडीत दिवा लागलेला चार लोकांत बरा दिसत नाही म्हणून त्याने मागे बसलेल्या बायकोकडे हात केला. तिने पाकिटातून मोठी मरून रंगाची टिकली काढून दिली. ती त्याने दिव्यावर दाबून बसवली.

"झालं," तो म्हणाला. "आता चल."

हे लिहिताना मला राग येत नाही, किळस येते. आपल्याकडे टिकली काय एका गाडीतच आहे?

गाडीचं ॲव्हरेज पडत गेलं. मागून काळा धूर निघू लागला, बसणाऱ्यांचे डोळे चुरचुरू लागले. मालकाने हिशोब लावला आणि निष्कर्ष काढला: ड्रायव्हर पेट्रोल काढून विकतो. धुराचं काय, असं विचारायला त्याच्याभोवती कोणी नव्हतं. जे होते ते त्याच्याच सोसायटीचे.

मामा एसटीने जळगावला आमच्याकडे आला तेव्हा दुपार होती. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मुंबईला आत्याकडे राहून एका वर्कशॉपात वर्षभर उमेदवारी केली होती आणि नुकतीच परतले होते. आईने त्याला पाणी दिलं. त्याने ते प्यायलं नाही, हातात धरून बसला.

"सोमवारी महादेवाच्या देवळात बेलभंडार उचलायला लावलाय मले," तो म्हणाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन देवासमोर शपथ घ्यायची: मी चोरी केली नाही. खोटं बोललात तर घरावर संकट येईल अशी समजूत. न घेतली तर चोर.

"मग घे ना शपथ," आई म्हणाली. "तू कुठे काढलंय पेट्रोल?"

"घ्यायची मले भीती नाही, ताई. पन उद्या घरात पोराला ताप आला तरी लोक म्हनतीन, बघा, बेल फळला. बायको घसरून पडली तरी तेच. मी जन्मभर कोनाच्या खोकल्याले भिऊ?"

मी विचारलं, "मामा, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो का?"

"लागत आसंल. टिकलीखाली काय दिसतं?"

टिकलीची हकिकत मला तेव्हा कळली. मी इतकी हसले की आईने माझ्या पाठीत धपाटा घातला. हसू ओसरल्यावर मी म्हटलं, मी येते, गाडी बघते. मामाने तसं मालकाला सांगितलं. मालकाने निरोप पाठवला की पोरीबाळींच्या खेळाची गरज नाही, आपण गुरुवारी धुळ्याला कॉम्प्युटरवर गाडी तपासतोय. यायचं तर ये, तुलाही शिकायला मिळेल.

म्हणून मी धुळ्याला गेले. गाडी मामाच चालवत होता. ज्याला चोर म्हणायचं त्याच्याच हातात स्टिअरिंग देऊन, त्याच्याच मागे पाय पसरून झोपायचं, हे फक्त मालक लोकांना जमतं.

हायवेवरच्या त्या गॅरेजवर मोठी पाटी होती: 'येथे सर्व गाड्या कॉम्प्युटरवर तपासून मिळतील.' आत काचेची खोली, खोलीत टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, कॉम्प्युटरवर क्रोशाचं झाकण. गॅरेजवाल्याने झाकण असं काढलं जसं देवावरचं निर्माल्य काढतात. मालकाने चपला बाहेर काढल्या. गॅरेजवाल्याने गाडीचं बोनेट उघडलं, आत दोन्ही हात मागे बांधून बघितलं, बंद केलं आणि खोलीत जाऊन खुर्चीवर बसला.

"तुमले काय वाटस, आबा?" त्याने विचारलं.

"मला तर वाटतं गाडीत काही दोष नाही," मालक म्हणाला. "पेट्रोल मात्र फार जातं."

गॅरेजवाल्याने बराच वेळ बटणं दाबली. मी टेबलाच्या मागे वाकून बघितलं. कॉम्प्युटरला दोनच वायरी होत्या. एक भिंतीतल्या प्लगला, दुसरी प्रिंटरला. गाडी बाहेर उन्हात होती.

"भाऊ, गाडीला वायर कुठे लावली?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघून मायेने हसला. "हाई मशीन वायरवर चालत नही, ताई. बठ्ठं आतमाच येस." म्हणजे सगळं आपोआप आतच येतं.

प्रिंटर करकरला. कागद बाहेर आला. वर गणपतीचं चित्र, खाली गाडीचा नंबर, मालकाचं नाव आणि 'दोष: नाही'. मला त्या कागदाची चौकट ओळखीची वाटली. मग भिंतीकडे लक्ष गेलं. तिथे दुसरी पाटी होती: 'कॉम्प्युटरवर जन्मपत्रिका करून मिळेल.' कागद तोच. फक्त राशीच्या जागी गाडीचा नंबर.

आणि हा कागद मालकाने घडी करून खिशात ठेवला, न्यायाधीशाचा निकाल ठेवावा तसा. परतीच्या वाटेवर तो मामाला म्हणाला, "आता तर कॉम्प्युटरनेच सांगितलं. गाडी निर्दोष आहे. मग राहिलं कोण?"

मामाने आरशातून मागे बघितलं नाही. त्याची मान लाल झालेली मला मागून दिसत होती.

मी म्हटलं, "त्याने माझी पत्रिका काढली असती तर त्यातही गाडी निर्दोषच निघाली असती."

"फार बोलतेस," मालक म्हणाला.

"सोमवारी आणखी बोलेन. गाडी देवळासमोर आणायला सांगा."

मला वाटलं होतं, तो नाही म्हणेल. पण त्याला चार लोकांत माझी फजिती बघायची होती. तो हसून मामाला म्हणाला, "आण बापा, आण. तेवढीच करमणूक."

सोमवारी महादेवासमोरच्या निंबाखाली गाडी उभी होती. पारावर गावचे भांडणं मिटवणारे म्हातारे बसले होते, त्यांतल्या मुख्याला सगळे नाना म्हणत. ताटात बेलाचं पान आणि हळद तयार होती. पिंडीवर पाणी घालायला आलेल्या बायका तांबे घेऊन तिथेच थबकल्या. मामा धुतलेले कपडे घालून एका बाजूला उभा होता. त्याच्या शर्टाची सगळी बटणं लावलेली होती, गळ्यापर्यंत. ते बघून मला पहिल्यांदा भीती वाटली. माझं चुकलं, तर त्याला ते ताट उचलावं लागणार होतं.

"काय गं पोरी," पारावरून एक जण ओरडला, "गाडी दुरुस्त करतीस की रेडिओ?"

"रेडिओ असता तर तुमच्याकडेच दिला असता. बडबड ऐकायची सवय आहे तुम्हाला."

बायकांमधून खुसखुस आली. मी दार उघडून आत बसले आणि आधी टिकली नखाने उपटली. चिकट वर्तुळ मागे राहिलं. चावी फिरवली, इंजिन चालू न करता. पिवळा दिवा लागला.

या गाड्यांमध्ये ड्रायव्हरच्या पायांच्या वर एक छोटं सॉकेट असतं. त्यातल्या दोन ठरावीक खाचा वायरीने जोडल्या, की तोच दिवा उघडझाप करून बिघाडाचा आकडा सांगतो. धुळ्याच्या पत्रिकावाल्याला हे सॉकेट माहीतही नव्हतं. माझ्याकडे वायर होती, पण ती घाईत जळगावला घरीच राहिली. मी केसांतली पिन काढली, तिचा काळा रंग ब्लेडने खरवडला आणि ती लावली.

"नाना, तुम्ही या. मोजा. माझ्यावर विश्वास ठेवू नका."

नाना उठून आला आणि खिडकीत डोकं घालून मोठ्याने मोजू लागला. आधी एक आणि दोन, असं तीनदा. हे कॉम्प्युटर जागा आहे याची खूण. मग चार. थोडं थांबून पुन्हा चार.

"चार चार," नाना म्हणाला. "म्हनजे काय?"

"धुराच्या पाइपातला सेन्सर म्हणतोय की धुरात हवा जास्त आहे."

मालक लगेच पुढे आला. "म्हणजे एक पार्ट गेला. बदलू. पण पार्ट गेला म्हणून पेट्रोल याने काढलं नाही, हे कसं?"

हा प्रश्न बरोबर होता. त्याच्या तोंडून निघालेला एकमेव. आणि मी लोकांना तेच सांगितलं, की या आकड्यावर भाळू नका. आकडा तक्रार सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. धुराच्या पाइपाला भोक असेल आणि बाहेरची हवा आत शिरत असेल, तरी हाच आकडा येतो. सेन्सरची वायर घासून बॉडीला टेकली, तरी हाच. गाडीतला पेट्रोल ओढणारा पंप दमला, तरी हाच. शहरातले मोठमोठे मेकॅनिकसुद्धा आकडा बघतात आणि डोळे मिटून सेन्सर बदलतात, आणि महिन्याने दिवा परत लागतो. मी वर्कशॉपात ते रोज बघितलं आहे. हातात पाना घेतलेला मूर्ख हा नुसत्या मूर्खापेक्षा जास्त नासधूस करतो.

मग मी मामाला इंजिन चालू करायला सांगितलं. आधी पाइपाच्या जोडांवर साबणाचं पाणी टाकलं; कुठेही बुडबुडा नाही. वायर शेवटपर्यंत हाताने चाचपली, अखंड. इंजिन चांगलं तापल्यावर सेन्सरच्या वायरीला डिजिटल मीटर लावला. निरोगी सेन्सरचा आकडा सारखा खाली-वर होतो, जिवंत माणसाच्या श्वासासारखा. हा तळाशी पडून होता. मी हवा आत घ्यायच्या तोंडावर फडकं धरलं. इंजिन गुदमरलं, मागून काळा लोट निघाला. हवा कमी, पेट्रोल जास्त, हे आता तिथल्या पोरासोरांनाही कळत होतं. मीटरचा आकडा जागचा हलला नाही. गाडीतला पंप दमला असता तर एवढा काळा धूर निघालाच नसता.

"बघा," मी म्हटलं, "समोर काळा धूर दिसतोय आणि हा म्हणतोय, पेट्रोल कमी आहे, आणखी द्या."

"आपल्या चेअरमनसारखं," बायकांतून कोणीतरी पुटपुटलं. कोण ते मला आजही माहीत नाही. तिला माझा नमस्कार.

मामाने सायलेन्सरच्या तोंडापाशी आपला पांढरा रुमाल धरला. तो काळा झाला. त्याने तो कोणाला दाखवला नाही, घडी करून खिशात ठेवला. मी मात्र खिशातून काढून पारावर ठेवला.

"पेट्रोल इथून गेलं," मी म्हटलं. "कॅनमधून नाही."

इंजिन निवल्यावर मी सेन्सर खोलला. त्याच्या टोकावर राखाडी, चकाकता थर होता. मी तो नानाच्या हातात दिला. "हे शिसं. गावच्या पंपावरच्या पेट्रोलमधलं. या गाडीत ते जाऊच नये म्हणून टाकीला झडप होती." मी टाकीचं झाकण उघडलं. पत्र्याचे फाटके काठ आत वळलेले दिसत होते. "ही कोणी तोडली?"

अख्खं गाव त्या दिवशी पंपावर होतं. पेढे सगळ्यांनी खाल्ले होते. मी एकेकाकडे बघितलं आणि एकेकाने निंबाकडे बघितलं.

"ड्रायव्हरनेच तोडली आसंल," मालक म्हणाला. "पेट्रोल काढायला सोपं जावं म्हणून."

एवढा निलाजरेपणा मला अपेक्षित नव्हता. मामा एक पाऊल पुढे आला, "आबा, तुमच्यासमोरच..." म्हणाला, पण त्याचं ऐकायला कोणी तयार नव्हतं. आणि पारावरच्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. हो, असंही असू शकतं! नानाने तर सेन्सर खाली ठेवून ताट जवळ ओढलं. "मग बेल उचल बापा, म्हनजे झगडा मिटला."

तेवढ्यात मागून तांब्याचा आवाज झाला. नानाची बायको, जिला गाव अक्का म्हणतं, ती बायकांमधून पुढे आली होती.

"कायचा बेल? माझ्या फुकणीचं काय ते आधी सांगा!"

"तू गप बैस," नाना म्हणाला.

"कायले गप बसू? गाडी आली त्या दिवशी चुलीपुढून माझी फुकणी उचलून पळत गेलते ना तुमी? अन् वाकडी करून आनली. त्या दिवसापासून जाळ फुकता फुकता डोळे गेले माझे. पुसलं तर म्हने, आबाच्या गाडीच्या टाकीत ठोकली! अन् आता ह्या गरिबाच्या नावावर?"

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग कळलं, आणि आधी बायका हसल्या, मग पोरं, मग सगळा पार. अक्का खरंच घरी गेली आणि फुकणी घेऊन आली. ती लोखंडी नळी एका टोकाला चेपलेली होती आणि मधे वाकलेली. मी ती टाकीच्या तोंडाशी धरली. चेपलेलं टोक फाटक्या पत्र्यात बरोबर बसलं.

न्याय करायला बसलेला माणूस स्वतःच ठोकणारा होता आणि ठोकायला लावणारा फिर्यादी होता. दोघांनाही हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी ताट माझ्या मामासमोर.

तुम्हाला वाटेल, आता मालकाने हात जोडले असतील. छे. नानाने धोतर झटकलं आणि म्हणाला, "बरं, बेल राहू द्या. झालं ते झालं. चला, ऊन फार झालं." पार पाच मिनिटांत रिकामा झाला. चोर म्हणताना सगळ्यांना वेळ होता; चोर नाही म्हणायला कोणी थांबलं नाही.

मी सेन्सर परत बसवला. मालक मागच्या सीटवर जाऊन बसला, काच वर केली, फटीएवढी उघडी ठेवून मामाला म्हणाला, "उद्या सकाळी ये. नेहमीच्या वेळेला."

एवढंच. काचेच्या फटीतून.

मामाने चावी बोनेटवर ठेवली. "गाडी तुमची तुमी न्या," तो म्हणाला, आणि माझी पिशवी उचलून एसटी स्टँडकडे चालू लागला. मालकाला गाडी चालवता येत नव्हती. आम्ही वळणावर पोहोचेपर्यंत तो तसाच आत बसलेला होता, काच वर, आणि गाडी उन्हात.

वडिलांनी या सगळ्याचं पत्रक काढलं. मी लिहिलं, त्यांनी गुलाबी कागदावर छापून आणलं, आम्ही दोघांनी बाजाराच्या दिवशी फैजपूरला वाटलं. लोकांनी घेतलं, त्यात भजी बांधून नेली.

गाडी पुढे मालकाने दोंडाईच्याच्या कोणाला तरी विकली. विकण्याआधी त्याने दिव्याचा बल्बच काढून टाकला, असं मामाला गावातल्याच एकाने सांगितलं. म्हणजे टिकलीचाही खर्च वाचवला. तिकडे आता दुसरा कोणी ड्रायव्हर ती चालवत असेल आणि दुसरा कोणी मालक त्याच्याकडे बघत असेल. चावी फिरवल्यावर इतर दिवे लागतात आणि इंजिनाचा लागत नाही, असं त्याच्या लक्षात आलं तर बरं.

मामा आता यावलला दुसऱ्याच्या टेम्पोवर केळी नेतो. काम बरं आहे. पण मागच्या महिन्यात तिथल्या हमालांपैकी कोणीतरी त्याला हसत विचारलं, "काय भाऊ, टाकीला कुलूप लावू का?" मामा घरी येऊन जेवला नाही. तो आरोप मोठ्या आवाजात, देवळासमोर झाला होता. त्याचं उत्तर त्या पारावरून दोन गावांपलीकडे पोहोचलं नाही.

म्हणून एक मागणं आहे. तुम्ही त्या भागातले असाल, किंवा कामानिमित्त तिकडे जात असाल, तर चहाच्या गाड्यावर, एसटीत, केळीच्या वखारीवर ही गोष्ट निघेल. पांढऱ्या गाडीची, पेट्रोल चोरणाऱ्या ड्रायव्हरची. तेव्हा हसू नका आणि गप्पही बसू नका. कप खाली ठेवा आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगा: पेट्रोल त्या माणसाने काढलं नाही, ते गाडीने प्यायलं, आणि गाडी बिघडवली मालकाने. कोणी पुरावा मागितला, तर त्यांना त्या गावात अक्काकडे पाठवा. फुकणी तिने अजून ठेवली आहे.